कामाडो : भाताच्या भट्टीत धुरावलेले मांस

१/ अटलांटातील माझ्या घरमालकांनी परसातला आपला जुना कामाडो मला वापरायला दिला. जाड सिरॅमिकची, अंड्याच्या आकाराची, घुमटासारख्या झाकणाची ही कोळशाची शेगडी. मी वर्गातल्या सहा जणांना जेवायला बोलावले, तीन किलोंचा डुकराचा खांदा आणला आणि तो पार वाया घालवला. हा थ्रेड त्या फजितीचा आणि त्या शेगडीच्या इतिहासाचा.

२/ कोळसा नीट पेटावा म्हणून खालची व वरची अशी दोन्ही झडपे सताड उघडी ठेवून मी घरात गेले. परतले तेव्हा काटा २२० अंश सेल्सिअसवर होता. मला हवे होते ११०. झडपा मिटल्या, पण तासाभरानेही काटा १७० च्या खाली येईना. पाहुण्यांची वेळ ठरलेली, म्हणून मांस तसेच चढवले. बाहेरून काळे, आतून चामड्यासारखे झाले.

३/ मग मी त्या शेगडीचा इतिहास वाचू लागले. जपानी भाषेत ‘कामादो’ म्हणजे चूल. या शेगडीचा पूर्वज मात्र ‘मुशिकामादो’, भात शिजवण्याची मातीची झाकणबंद भट्टी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये राहिलेल्या अमेरिकी सैनिकांना ती आवडली आणि ते ती मायदेशी घेऊन आले. भातावाचून तिच्यात मांस भाजले जाऊ लागले.

४/ १९७४ मध्ये एड फिशर यांनी याच अटलांटात ‘बिग ग्रीन एग’ सुरू केले. मातीच्या भट्ट्या उष्णतेने तडकत, म्हणून पुढे अधिक टिकाऊ सिरॅमिक आले. साहित्य बदलले, तत्त्व तेच राहिले : थोडा कोळसा, मोजकी हवा, आणि भिंतींनी धरून ठेवलेली ऊब.

५/ माझी चूक इथेच होती. पत्र्याची शेगडी लवकर निवते, सिरॅमिकची निवत नाही. तिच्यात तापमान चढवणे सोपे, उतरवणे कठीण. म्हणून दुसऱ्या खेपेस लाकडी कोळसा एकाच जागी पेटवला, ९० अंशांवरच झडपा बोटभर फटीपुरत्या आणल्या आणि काटा सावकाश ११० वर येऊ दिला. ज्वलनशील द्रव वापरला नाही, कारण त्याचा वास भिंतींत मुरतो. कोळशावर हिकरीचे दोन तुकडे ठेवले. दाट पांढरा धूर मांस कडू करतो, तो विरळ व निळसर होईपर्यंत थांबले. जाळीखाली सिरॅमिकची तबकडी ठेवली, म्हणजे आच थेट लागत नाही.

६/ मांसाच्या आतले तापमान ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडून राहिले. पृष्ठभागावरून उडणारी वाफ त्याला थंड करत असते. झडप उघडण्याचा मोह आवरला. ९५ अंशांवर मांस काट्याने अलगद सुटू लागले, कारण कठीण संयोजी ऊतींचे तोवर जिलेटिन झाले होते. पहाटे चढवलेला खांदा संध्याकाळी उतरला.

७/ वस्तूचा इतिहास वस्तूबाहेर, कागदपत्रांत शोधायचा असतो, असे मी समजत होते. इथे तो भिंतीच्या जाडीत होता, आणि तो न वाचल्याची किंमत तीन किलो मांस. दुसऱ्या जेवणाला सहापैकी चारच जण आले. त्या चौघांनी भांडे मात्र रिकामे केले.