मातीच्या घरांतील फेरबदल : रेवदंड्यापासून इनामगावपर्यंत

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारा रस्ता नागाव, चौल अशी नारळी-पोफळींची गावे मागे टाकीत जातो. या पट्ट्यातील जुन्या व्यापारी घरांची मांडणी बहुधा सारखीच असते : रस्त्यालगत ओटा, त्यावर पेढी, मागे माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी विहीर असलेले परसदार. परंतु जसे बांधले तसेच राहिलेले घर विरळाच. कोठे दोघे भाऊ विभक्त झाले आणि माजघरातील दार चिणले गेले. कोठे व्यापार वाढला आणि पडवी पेढीत सामावली. गिलावा कितीही सफाईने केलेला असो, चिणलेल्या दाराची चौकट पावसाळ्यात ओल धरून पुन्हा उमटते. वाटणीपत्रात चार ओळींत उरकलेली गोष्ट भिंतीवर अशी वर्षानुवर्षे दिसत राहते.

याच किनाऱ्यावरील कष्टकऱ्यांची जुनी घरे मात्र कुडाची असत. मेढी रोवायच्या, कारवीचा कूड उभा करायचा, त्यावर शेणमातीचे लिंपण द्यायचे आणि पाऊस संपला की जमीन नव्याने चोपून सारवायची. अशा घरात फेरबदल करणे सोपे; मेढ उपटून चार हात पलीकडे रोवली की खोली वाढली. मग तीन हजार वर्षांनी असा बदल कोणास कळावा तरी कसा? याचे उत्तर बोरघाट ओलांडून, पुणे मागे टाकून, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी मिळते.

इनामगाव हे त्या ठिकाणाचे नाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात येथे उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही त्यातील प्रमुख नावे. इ. स. पूर्व सुमारे 1600 ते 700 अशी नऊ शतके शेतकरी येथे राहिले आणि त्यांची शंभराहून अधिक घरे उजेडात आली. भिंती कच्च्या विटांच्या नव्हत्या. खाली मातीची बुटकी भिंत, वर कूड आणि गवती छप्पर. कच्च्या विटा प्रवरेकाठच्या दायमाबादला आढळतात, त्याही एका दफनाच्या खड्ड्याला लावलेल्या.

लाकूड कुजून जाते, पण मेढीचे भोक राहते. त्यात भरलेली भुसभुशीत माती सभोवतीच्या चोपलेल्या जमिनीहून वेगळी दिसते. एखादे भोक खालच्या दोन जमिनी फोडून गेलेले असेल आणि वरच्या तिसऱ्या जमिनीने त्याचे तोंड झाकले असेल, तर ती मेढ दुसरी जमीन झाल्यानंतर रोवली गेली आणि तिसरी होण्यापूर्वी निघाली, इतके निश्चित होते. पानांचा क्रम पाहून रोजकीर्द तपासावी, तसाच हा प्रकार आहे.

सर्वांत हृदयस्पर्शी फेरबदल मात्र भिंतींचा नाही, जमिनीचा आहे. लहान मूल दगावले की इनामगावचे लोक राहत्या घरातच खड्डा घेत, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत त्या बाळाला निजवीत. खड्डा बुजवून जमीन पुन्हा सारवली जाई आणि संसार त्याच जागी पुढे चाले. उत्खननात जमिनीवर दिसणारे ते गोल ठिगळ घराची डागडुजी म्हणून नोंदवावे की घरातील दुःख म्हणून, हे ठरविणे कठीण आहे.

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात एका पुरुषाचे बसविलेल्या स्थितीत दफन केलेले मिळाले. हे घर गावप्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात. धान्य ज्याच्या दाराशी, मान त्याच्याकडे. हा व्यवहार व्यापारी घराण्यांना समजावून सांगावा लागू नये.

इ. स. पूर्व 1000 च्या सुमारास गावाचे रूप पालटले. प्रशस्त चौकोनी घरे मागे पडली आणि लहान गोल झोपड्या वाढल्या. पाऊसमान घटले, शेती आक्रसली आणि लोक पशुपालनाकडे अधिक वळले, असे डॉ. ढवळीकरांचे प्रतिपादन होते. तोट्याच्या वर्षांत माणूस प्रथम खर्च कमी करतो, मग जागा कमी करतो. इनामगावात हा दुसरा टप्पा जमिनीवर कोरलेला दिसतो.

तुर्कस्तानातील चातालह्युक येथे, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, कच्च्या विटांची घरे जुन्या घराच्या भिंतींवरच पुन्हा बांधली जात. तेथील काही भिंतींवर गिलाव्याचे शंभराहून अधिक पातळ थर मोजले गेले आहेत. मृतांना तेथेही घराच्या जमिनीखालीच ठेवीत.

उत्खननाची एक अडचण मात्र टळत नाही. खालची जमीन पाहायची तर वरची काढून टाकावी लागते. एकदा काढलेली जमीन परत घालता येत नाही. म्हणून प्रत्येक थराची मोजमापे, आराखडे व छायाचित्रे घेतली जातात. इनामगावचा सविस्तर अहवाल 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. खणून काढलेली ती घरे आता त्या पानांतच उभी आहेत.

अलिबाग-पेण भागात आज जुने घर पाडून इमारत उभी करण्याचा करार होतो, तेव्हा जेसीबी दोन दिवसांत जोत्यापर्यंत सर्व सपाट करतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका जागेचे क्षेत्र सांगते, चिणलेल्या दारांविषयी बोलत नाही. पाडण्यापूर्वी एका दुपारी घराचा मोजमापासह आराखडा काढावा, कोणती भिंत कधी आणि कोणाच्या वेळी झाली हे घरातील वृद्धांना विचारून त्यावर लिहावे आणि तो कागद खरेदीखतांच्या फायलीत ठेवावा. त्यासाठी पुरातत्त्वज्ञ लागत नाही; मोजपट्टी आणि अद्याप स्मरण शाबूत असलेल्या आजी पुरतात.