मीठ धुतलं, पण गेलं कुठं?

शिक्षक मित्रांनो, पाण्याचा धडा आपण सगळेच शिकवतो. माझ्या वर्गाला तो पुस्तकाआधी गावानेच शिकवला.

माझी शाळा रायगड जिल्ह्यात, खाडीकाठी. दोन वर्षांपूर्वी उधाणात बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतात शिरलं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी ओसरलं, मीठ राहिलं. पुढे बांध दुरुस्त झाला, तरी भात पिवळं पडून गेलं. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, बाबा शेत विकायचं म्हणतात. आमचं शेत मेलं का?"

उत्तर सांगण्यापेक्षा करून बघू म्हटलं. त्याच्याच शेतातली माती दोन बाटल्यांत भरली. एकीच्या बुडाला भोक पाडून कापड लावलं, दुसरी तशीच ठेवली. दोन्हींत रोज थोडं गोडं पाणी ओतलं. आठवड्याने माती उन्हात वाळवली. बंद बाटलीतल्या मातीवर पुन्हा पांढरी पापडी! भोकाच्या बाटलीतली पापडी जवळपास गेली होती. म्हणजे नुसतं पाणी देऊन भागत नाही, त्याला बाहेर जायला वाट हवी.

आपले शेतकरी हेच करतात. पावसाचं पाणी शेतात साठवायचं, मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून खाडीत सोडायचं. भरती आली की पाण्याच्या दाबानेच उघाडीची झडप बंद होते. जमीन सोडियममुळे चोपण झाली असेल, तर आधी जिप्सम घालतात. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, मग ते धुऊन जातं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, बाटलीतून गळालेलं पाणी खारंच ना? ते आपल्या तळ्यात गेलं तर?"

मी गप्पच झाले. गाव उन्हाळ्यात त्याच तळ्यावर जगतं. आम्ही सगळे चर बघायला गेलो. त्या शेताचा एक चर खरंच तळ्याकडे उतरत होता. मुलांनी घरी सांगितलं. गावकऱ्यांनी तो बुजवून उघाडीकडे वळवला.

यंदा त्या मुलाच्या बाबांनी खाऱ्या जमिनीसाठीचं 'पनवेल ३' भात लावलंय. पीक अजून हाती यायचंय. पण शेत विकलेलं नाही.

तुमच्याही वर्गात हा प्रयोग जरूर करा. आणि गळालेलं पाणी कुठं जातं, हे मुलांना विचारायला विसरू नका.