संत्र्याच्या बागेतून मालवणच्या खडकावर

सातपुड्याच्या पायथ्याशी, अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात आमचं हिवरखेड. समुद्र आम्ही पाहिला तो नकाशातच. तरी दोस्तांनो, ही समुद्राची गोष्ट सुरू झाली हिवरखेडलाच, आणि तीही एका बाटलीपासून.

संत्र्याचा आंबिया बहार जवळ आला होता. कृषी केंद्रातून फवारणीसाठी एक बाटली आणली होती. आत काळंभोर पाणी आणि वर लिहिलेलं, 'समुद्री शेवाळाचा अर्क'. आबाजींनी बाटली उन्हात धरून पाहिली.

"खाऱ्या पाण्यानं तिकडं जमिनी चोपण झाल्या, अन् आता समुद्राचा माल झाडाले पाजता? कामून रे बाप्पा?"

प्रश्न खराच होता. आमच्या गावाहून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलं, की खारपाणपट्टा लागतो. तिथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. तेच ओलिताला दिलं तर काळी माती घट्ट होऊन बसते. शिवाय बाटली काही स्वस्त नव्हती! नाताळच्या सुटीत आम्ही मालवणला जाणारच होतो. पुतण्या म्हणाला, "काकाजी, ते शेवाळ आपण पाहूनच येऊ."

अमावस्या होऊन दोन दिवस झाले होते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी येते आणि ओहोटीही खूप दूरवर जाते. उजाडता उजाडता आम्ही रॉक गार्डनजवळच्या खडकांवर पोहोचलो. जाळं घेऊन चाललेले एक आजोबा ओरडले, "सांभाळून हां, खडपार पाय घसरता!" तोवर पुतण्या एकदा बसलेला होताच!

पाणी ओसरलेल्या खडकांवर पिवळट-तपकिरी झुडपं आडवी लोळत होती. हेच सरगॅसम. पानांसारखी पाती, कडा दातेरी, आणि फांद्यांवर वाटाण्याएवढे गोल फुगे. पुतण्याला वाटलं फळं. पण त्या हवेच्या पिशव्या. भरती आली की या फुग्यांमुळे झुडूप पाण्यात उभं राहतं आणि त्याला वरचा उजेड मिळतो.

खाली पाहिलं तर मूळ नाहीच! चकतीसारखा एक भाग खडकाला घट्ट चिकटलेला. तो फक्त धरून ठेवतो. अन्नद्रव्यं सगळं अंगच पाण्यातून घेतं. रंग तपकिरी असला, तरी आत हरितद्रव्य असतंच. त्यावर दुसऱ्या एका तपकिरी रंगद्रव्याची छाया पडलेली असते. आणखी गंमत म्हणजे दिसायला झाड असलं, तरी हे आपल्या संत्र्या-कपाशीच्या गोतावळ्यातलं नव्हेच. त्याचं कूळच वेगळं.

पण मला नवल वाटलं ते त्याच्या जिद्दीचं. दिवसातून दोनदा बुडायचं, दोनदा उघडं पडायचं. कधी लाटांचा मार, कधी कोरडं ऊन. आपलं झाड दोन दिवसांत मान टाकेल. हे तगतं कसं? हात लावून पाहिला तर बुळबुळीत. या शेवाळाच्या पेशींच्या भिंतींत अल्जिनिक आम्ल नावाचा पदार्थ असतो. तो पाणी धरून ठेवतो आणि अंग लवचीक ठेवतो, म्हणून लाटेनं ते मोडत नाही. स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं तो 1881 साली वेगळा काढला. त्यापासून बनणारी अल्जिनेटं आज आइस्क्रीम दाट करायला, दातांचे साचे घ्यायला, जखमेच्या पट्ट्यांत आणि सुती कापडावर छपाई करताना रंग घट्ट करायला वापरतात. म्हणजे वऱ्हाडातला कापूस आणि समुद्रातलं शेवाळ यांची गाठ छापखान्यात पडू शकते!

"मग आपल्या बाटलीत हेच हाय का?" पुतण्याचा प्रश्न. बाटलीवरचं नाव मी वहीत उतरून नेलं होतं: अ‍ॅस्कोफायलम नोडोसम. तेही भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलंच तपकिरी शेवाळ. पण नॉर्वे, आयर्लंड, कॅनडा अशा अटलांटिकच्या थंड किनाऱ्यांवरचं. त्याच्या फांदीवर वर्षाला साधारण एक फुगा येतो, म्हणून फुगे मोजून वयाचा अंदाज करतात. वाढ सावकाश, म्हणून ते मुळापासून ओरबाडत नाहीत; बुडखा ठेवून कापतात.

पुतण्याला एक फांदी घरी न्यायची होती. मी नाही म्हटलं. मालवणचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. आणि त्या झुडपात डोकावलं तर इवले खेकडे, गोगलगायी, माशांची पिल्लं, एक वाडाच वसलेला! वहीत चित्र काढून त्यानं समाधान मानलं.

दुपारी सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. चहूकडे खारं पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! आमच्याकडे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, अन् विहिरी मात्र खाऱ्या.

परत आल्यावर आबाजींना सांगितलं: अर्क पाण्यात फार थोडा मिसळतात, त्यातलं मीठ जमीन बिघडवण्याइतकं नसतं. त्यात पालाश आणि वाढीला चालना देणारी द्रव्यं असतात. पाण्याचा ताण सोसायला झाडाला मदत होऊ शकते. पण नत्र नाममात्र. ते शेणखताची जागा घेत नाही. 2021 साली सरकारनं खत नियंत्रण आदेशात अशा अर्कांचा समावेश केला, तोही 'जैव उत्तेजक' म्हणून.

आबाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चार ओळीले मारा, चार ओळी तशाच ठेवा. पाहू."

पुतण्यानं फवारलेल्या झाडांना लाल चिंध्या बांधल्या आहेत. आंबिया बहाराची तोड दिवाळीच्या आगेमागे होते. फळं मोजायला आबाजींनी त्यालाच बसवायचं ठरवलं आहे, आणि तो आत्तापासून वहीत रकाने आखतो आहे.