‘एजंट क्षमस्व’चा आग्रह मी का सोडला

घरांच्या छोट्या जाहिरातींच्या शेवटी ‘एजंट क्षमस्व’ असं छापलेलं असतं. पुण्यात मालमत्तेची कागदपत्रं तपासणारी वकील म्हणून ते मला वर्षानुवर्षं पटत आलं. थेट मालकाशी बोला, दलालीचे एक-दोन टक्के वाचवा, कागद मी बघते, असं मी घर घेणाऱ्यांना सांगायचे. टायटल स्वच्छ निघालं की माणसाचा घोर मिटला, असं मी धरून चालले होते. आज मी असं सांगत नाही. चांगला एजंट मिळत असेल तर जरूर घ्या, म्हणते. मत का बदललं, ते मोकळेपणानं मांडते.

सर्च रिपोर्ट हातात पडल्यावरही लोकांचे फोन थांबायचे नाहीत. टोकन दिलंय, आता बँकेनं कर्ज कमी मंजूर केलं तर? सोसायटीची एनओसी कोण आणणार? मालक गावाला गेलेत, रजिस्ट्रेशनच्या दिवशी येतील ना? यांतल्या कशाचंच उत्तर माझ्या रिपोर्टमध्ये नसायचं. बँक आपलं बघते, वकील आपलं, मालक आपलं. सगळ्यांच्या मधोमध खरेदीदार उभा असतो, आयुष्यभराची बचत हातात घेऊन.

माझं मत हललं ते कोथरूडमधल्या पुनर्विक्रीच्या एका व्यवहारात. मालकाचं गृहकर्ज अजून फिटायचं होतं, त्यामुळे मूळ करारनामा त्यांच्या बँकेत अडकलेला. घेणाऱ्या बाई शिक्षिका होत्या. त्यांना एकच भीती होती: आपला चेक गेला आणि कागद आलेच नाहीत तर? व्यवहार सुरक्षित आहे, हे मी त्यांना लेखी दिलं होतं. त्यानं भीती गेली नाही.

त्यांच्या एजंटनं वहीचं एक पान आडवं धरलं आणि रकाने आखले: काम, कुणी करायचं, कधीपर्यंत, पैसे कुणाच्या खात्यात. मालकानं आपल्या बँकेतून थकबाकीचं पत्र आणि जमा कागदांची यादी आणायची. मग बाईंच्या बँकेचं मंजुरीपत्र, मग दस्तनोंदणी. त्यानंतर बाईंच्या बँकेचा चेक थेट मालकाच्या कर्जखात्यात. “ताई, थकबाकीएवढी रक्कम समोरच्या पार्टीच्या हातात जाणारच नाही. कर्ज फिटलं की 30 दिवसांत मूळ कागद सोडायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते,” त्यानं सांगितलं. हा नियम डिसेंबर 2023पासूनचा. मला तो माहीत होता, पण बाईंना त्याची गरज कधी आहे हे त्यानं ओळखलं. मग तो दोघांना घेऊन मालकाच्या शाखेत गेला आणि तिथल्या अधिकाऱ्याकडूनच सगळा क्रम वदवून घेतला. बाईंचे रात्रीचे फोन त्यानंतर बंद झाले.

त्याच पानाच्या मागे पैशांचा हिशेब होता. घर 80 लाखांचं. बँक 80 टक्के देणार, म्हणजे आपले 16 लाख; एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण पुणे शहरात 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 60 हजार, नोंदणी फी 30 हजार, दलाली, तिच्यावरचा जीएसटी, वकिलाची फी, सोसायटीचं हस्तांतरण शुल्क. आकडा 23 लाखांच्या आसपास जातो, आणि मुद्रांक शुल्क बँक सहसा कर्जात धरत नाही. घर एकट्या बाईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, म्हणजे 80 हजार वाचतात. 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात किमतीतून 1 टक्का टीडीएस खरेदीदारानंच कापून भरायचा असतो, हेही त्यानं लिहून ठेवलं होतं. टोकन देण्याआधी हे कळलं तर माणूस तयारी करतो किंवा लहान घर बघतो. टोकन गेल्यावर कळलं तर सोनं मोडायची पाळी येते.

एजंटांबद्दलची माझी एक शंका अजून कायम आहे. त्याला पैसे व्यवहार झाल्यावर मिळतात, म्हणून त्याला घाई असते. नव्या प्रकल्पात तर त्याची दलाली बहुधा बिल्डरच देतो. महारेरानं 2023मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलं झालं. पण महारेराचा रोख बिल्डरच्या प्रकल्पांवर आहे. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात एजंटला परवाना कुणी विचारत नाही. तिथे त्याची सचोटी आपल्यालाच पारखावी लागते.

म्हणून मी आता घर घेणाऱ्यांना सांगते: एजंटला पहिल्याच भेटीत विचारा, तुम्हाला पैसे कोण देणार, एका बाजूकडून की दोन्हीकडून? जो सरळ उत्तर देतो त्याच्याशी पुढे बोला. “टेन्शन घेऊ नका, मी बसलोय ना” एवढंच म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कारण त्या वाक्यानं प्रश्न तसाच राहतो आणि विचारायचीही चोरी होते.

एजंटांनाही माझं मनापासून सांगणं आहे. भोगवटा प्रमाणपत्र नसेल, सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं नसेल, तर ते घर दाखवण्याआधी सांगा. नव्या प्रकल्पात कराराची नोंदणी होण्याआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायद्यातला नियम बुकिंगच्या टेबलावर आपणहून बोलून दाखवा. बँकेकडून काही खबर नसेल त्या दिवशीही फोन करून ‘आज काही नाही’ एवढं कळवा. वाट पाहणाऱ्याला तेवढ्यानंही खूप हायसं वाटतं.

कागद खरे आहेत की नाहीत, हे मी सांगू शकते. पुढे कोणत्या दिवशी काय होणार, हे रोज सोबत राहून सांगणारा माणूस वेगळा लागतो. ते काम जो प्रामाणिकपणे करतो, त्याची दलाली वाचवा असं मी आता कुणालाही सांगणार नाही.