दम

मी मूळचा माण तालुक्यातला. आमच्याकडे पाऊस कमी आणि रस्ते लांब, त्यामुळे पळायचं म्हणजे लांबच पळायचं. आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की माणसाचा कस दमावरच लागतो. प्राणिशास्त्र शिकलो, विज्ञानाचा मास्तर होऊन महाड तालुक्यात आलो, पण ही समजूत काही सुटली नाही.

सकाळी सावित्री नदीच्या काठाने सव गावापर्यंत पळत जायचो. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी कधी मुलांनाही न्यायचो. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तिथे तापतं आणि फटींतून पुन्हा वर येतं, हे हात भाजवून घेत शिकवायला मजा यायची. निसर्ग, विज्ञान, व्यायाम सगळं एकाच फेरीत! स्वतःवर मी भलताच खूश होतो.

चिखलावर मगरी पसरलेल्या दिसत. नववीतला एक मुलगा पंधराशे मीटरला तिसऱ्या फेरीतच बसकण मारायचा. ‘‘मगरीसारखा काय पसरतोस?’’ मी भर मैदानात ओरडलो. पोरं हसली. त्या दिवसापासून तो ‘मगर’ झाला.

पुढच्या थंडीतली गोष्ट. ओहोटी लागली होती, काठाशी बगळा उभा होता. एकदम पाणी फुटलं आणि मगर अर्ध्या अंगाने बाहेर आली. इतकं झटक्यात की नीट दिसलंही नाही. बगळा निसटला. मगर चिखलावर चढली आणि तिथेच पडली. पाग टाकणारे एक काका म्हणाले, ‘‘आता ती हलायची नाय. दमली.’’

मी त्यांना शीतरक्ती प्राणी, ऊन खाणं वगैरे ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाग झटकला.

घरी येऊन वाचलं. काका बरोबर होते. मगरीची झेप मुख्यतः ऑक्सिजनविना मिळणाऱ्या ऊर्जेवर चालते. थोड्याच वेळात लॅक्टेट साठतं, रक्त आम्ल होतं आणि ते ओसरायला तासन्‌तास लागतात. पकडताना फार झटापट झाली तर मोठी मगर त्यानेच मरूही शकते. हे विनॉक्सिश्वसन मी दरवर्षी दहावीला फळ्यावर लिहितो. लिहितो, आणि मैदानावर जाऊन विसरतो.

मग त्या मुलाचे पहिले शंभर मीटर डोळ्यांपुढे आले. दर शर्यतीत तिथवर तोच पुढे असायचा, बाकीचे पार मागे. ते मी बघत होतो! ‘‘बघा, आता कसा बसतो ते,’’ असं शिट्टी हातात धरून म्हणतही होतो. वेग समोर होता आणि मी त्याला उतावळेपणा समजून गुण कापत होतो. माझ्या गावचं पळणं तेवढंच खरं पळणं, एवढाच माझा अभ्यास.

त्याला बोलावून माफी मागितली, शंभर मीटर धावशील का विचारलं. ‘‘नको सर,’’ म्हणाला. रागाने नाही. त्याला फक्त तिथून लवकर सुटायचं होतं.

आता नव्या मुलांची आधी शंभर मीटरची वेळ घेतो, लांबचं नंतर. त्याला मात्र पोरं अजून ‘मगर’च म्हणतात. मी रागावतो, तेव्हा गप्प बसतात आणि फाटकाबाहेर पुन्हा सुरू करतात. नाव सरांनीच ठेवलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.