कच्ची वही

सौंसर तहसिलीतल्या रामाकोन्याचं पोर शाळेत हिंदी लिहितं आणि घरी नागपुरी वळणाची मराठी बोलतं. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. २०२३च्या ऑक्टोबरात पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, सौंसर तहसील त्यात आली, पाट्या बदलल्या. वर्गात मात्र तेच. पोळ्याचं विचारलं तर पोरगं बैलाच्या झुलीपासून मठाटीपर्यंत सगळं तोंडानं सांगतं, आणि लिहायला बसवलं की गाइडमधली दिवाळी उतरवतं. दिवे, मिठाई, फटाके. दहा वाक्यं, एकही त्याच्या घरचं नाही.

म्हणून मी विषय देऊन मोकळी होत नाही. आधी बोलणं. मग कच्ची वही. तिचे नियम थोडे: एक ओळ सोडून लिहायचं, खोडरबर दप्तरातच ठेवायचं, चुकलं तर त्यावर एकच आडवी रेघ. सोडलेली ओळ नंतरच्या भरीसाठी, आणि एकच रेघ तिच्याखालचा शब्द वाचता येतो म्हणून. कधी कधी खोडलेलाच शब्द बरा निघतो. हिंदी आणि मराठी दोन्हींची लिपी देवनागरी, ही आमची मोठी सोय. हिंदी वाक्यात घरचा शब्द आला तर तो तसाच राहू देते. भाषा निवडायचं काम पक्क्या वहीत.

एका पोरानं लिहिलं, ‘बाबांनी कापूस विकला.’ संपलं. त्यानं ते वर्गापुढं वाचलं. ऐकणाऱ्यांना शाबासकी द्यायला बंदी आहे, फक्त विचारायचं. मागून आलं, ‘कोठी विकला?’ सौंसरच्या मंडीत. ‘गाडी कोणाची होती?’ काकाची. ‘मंग राती कोठी निजले?’ यावर तो सुटला: रांग हलेना, म्हणून बाबा गाडीतल्या कापसावरच निजले, पहाटे अंगभर तंतू चिकटले होते, आणि भाव ऐकून काका कोणाशीच बोलला नाही. ‘हे लिही,’ मी म्हटलं. सोडलेल्या ओळी भरल्या, समासात बाण गेले. पुढच्या तासाला त्यानं स्वतःच पहिलं वाक्य उचलून शेवटी नेलं. हे मी सांगितलं नव्हतं. फेरलेखन म्हणतात ते हेच. सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून काढणं म्हणजे नुसती नक्कल, आणि बहुतेक शाळांत तेवढंच होतं.

डोनाल्ड ग्रेव्हज यांनी अमेरिकेतल्या प्राथमिक वर्गांत बसून मुलं लिहितात कशी हे पाहिलं. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९८३चं. शिक्षकानं एकेका मुलाजवळ बसून त्याच्या मजकुराबद्दल बोलावं, असं ते सांगतात. भरलेल्या वर्गात ते जमत नाही. आमच्याकडं प्रश्न पोरंच विचारतात, आणि माझ्यापेक्षा बरे विचारतात. मला मंडीतली रात्र सुचलीच नसती.

मला अधिक जवळच्या वाटतात त्या फलटणच्या मॅक्सीन बर्नसन. अमेरिकेत वाढलेली ही बाई फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला आली आणि तिथलीच झाली. त्यांची कमला निंबकर बालभवन ही शाळा १९८६ साली सुरू झाली. मुलाची बोली म्हणजे दुरुस्त करायची चूक नव्हे, ही समज त्यांना भाषाशास्त्रातून आली असावी. मला ती वर्गातून येत गेली. पहिली-दुसरीच्या लेकरांकडून चित्र काढून घ्यायचं, ती जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत खाली लिहून द्यायचं आणि तेच वाचायला लावायचं. पाठ्यपुस्तकाच्या ओळीवर अडखळणारी पोरगी आपल्या शेळीबद्दलचा मजकूर बोट न ठेवता वाचते. कारण पुढचा शब्द कोणता येणार हे तिला ठाऊक असतं.

लाल पेन शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट: या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्यात अनुस्वार. ऱ्हस्व-दीर्घाला आमच्याकडं दुहेरी त्रास आहे, हिंदीत ‘कवि’ आणि मराठीत ‘कवी’, दोन्ही बरोबर. सगळ्या चुका एकदम दाखवल्या की पोर पुढच्या वेळी आखूड लिहितं. कमी लिहिलं की चुकाही कमी, हा हिशेब त्याला फार लवकर कळतो.

पालक विचारतात, मॅडम, परीक्षेत कच्ची वही कोण पाहतं? कोणी पाहत नाही. परीक्षेच्या महिन्यात मीही दहा वाक्यांची दिवाळी करून घेते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मात्र तेव्हाही सांगते, एक वाक्य आपल्या घरचं घाला.

कापसाचा मजकूर पक्क्या वहीत गेला, भिंतीवर लागला. पोरानं घरी वाचून दाखवला तर काका म्हणाला, भाव ऐकून मी गप्प नव्हतो, चांगलं भांडलो होतो. दुसऱ्या दिवशी पोरगं वर्गात येऊन भिंतीवरचा कागद काढायला लागलं. म्हटलं, काढ, पण आधी काकाला नीट विचारून ये, भांडण काय झालं ते.