आज गड दिसतो का?

मार्गशीर्ष लागला की आमच्या घरातील सकाळ एका प्रश्नाने सुरू होते. थोरल्या काकू शाल लपेटून माडीवरच्या सज्जात येऊन बसतात आणि विचारतात, "अरे, आज गड दिसतो का?" गड म्हणजे अर्थात सिंहगड. पुण्यातील आमच्या जुन्या वाड्याचा हा सज्जा नैर्ऋत्येस उघडतो, आणि लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक हिवाळ्यात काकूंनी गडाकडे पाहतच सकाळचा चहा घेतलेला आहे. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांची दृष्टी पुरती हिरावून नेली. तेव्हापासून पाहण्याचे काम माझ्याकडे आले.

हे काम वाटते तितके सोपे नाही. निरभ्र, लांबलचक रात्री जमीन आपली उष्णता भराभर गमावते. तिला लगटलेली हवा गारठून जड होते आणि नदीकाठच्या सखल भागात साचते. वर त्या मानाने उबदार हवेचे झाकण बसते, आणि शेकोट्यांचा व वाहनांचा सारा धूर धुक्यासह त्याखाली कोंडून राहतो. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, शहर साडेपाचशेच्या आसपास. त्यामुळे तिकडे माथ्यावर कोवळे ऊन पसरलेले असते आणि आपण मात्र आठ वाजेपर्यंत शेजारची कौले शोधीत असतो! पुढे जमीन तापते, झाकण मोडते, आणि हळूहळू प्रथम दूरदर्शनचा मनोरा, मग कडा उमटू लागतो.

थंडीचा विषय निघाला की आमच्याकडे सिमला ऑफिसाचा उल्लेख व्हायचाच. हवामानखात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, म्हणून ते नाव. १७ जानेवारी १९३५ रोजी येथे पारा १.७ अंशांवर उतरल्याची नोंद आहे. त्या सकाळी सारे घर बंबाभोवती बसले होते, असे आजी सांगे.

असो. गेल्या वर्षी समोरचा वाडा पाडण्यात आला आणि त्या जागी सात मजली इमारत उभी राहिली. गड गेला. आता धुके असो वा नसो, सज्जातून तो दिसणे नाही. "सांगून टाक," असे वडीलबंधू म्हणाले. "कशाला?" असे वहिनी म्हणाल्या. मी वहिनींचे ऐकले; त्यात माझी सोय होती, हे कबूल केले पाहिजे. मग मी भिंतीकडे पाहून गड सांगू लागलो. आज पुसट आहे, आज नुसता मनोराच, आज काहीच नाही. हवेचे थोडेफार ज्ञान असल्यामुळे माझे असत्य मोठे शास्त्रशुद्ध असे!

परवा थंडी कडाक्याची होती. मी म्हटले, "काकू, आज कडा अगदी स्वच्छ दिसतो."

काकूंनी पेला खाली ठेवला. "यंदाच्या पावसाळ्यात सज्जात एकदाही झड आली नाही," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पाऊस गडाच्या बाजूनेच येतो. झड अडली, तर गड कसा दिसेल? किती मजले आहेत रे?"

"सात," मी कसाबसा म्हणालो.

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग शाल सारखी करीत म्हणाल्या, "बरं. काल तू मनोऱ्याची बाजू चुकलास. उद्या नीट सांग."